दाक्षायणीची चूक

माझी धाकटी जाऊ दाक्षायणी लई हुशार, असं आमची सगळी बाळीवेस पेठ म्हणती. म्हणू दे की. मॅट्रिक झालं म्हणून कुणाला शिंगं फुटत न्हायीत.

रॉकेलला रांगा लागायला लागल्या, त्या साली गावोगाव गोबरगॅसचं खूळ निघालं. सरकार अनुदान देतंय म्हटल्यावर जो तो टाकी बांधायला उठला. तवा आमच्या बाईनं दारावर पाटी लावली, 'गोबरगॅस परवडेल का? बांधण्याआधी विचारा. फी पाच रुपये.' मी पोट धरून हसले. शेणाचा हिशेब करायला कोण पैसं देतंय? पण लोक आले. ही त्यांच्या गावाला जायची, दिवसभर चुलीपाशी बसून सरपण किती जळतंय बघायची, गोठ्यातलं शेण तोलायची आणि सांगायची, बांधा न्हायतर नका बांधू. 'नका' म्हटलं तरी लोक पाच रुपये देऊन वर वांगी बांधून द्यायचे. आमचे सासरे वीरभद्रप्पा, जन्मात कधी बाईमाणसाचा सल्ला घेतला न्हाय, ते कडबासुद्धा हिला विचारून घ्यायला लागले. जेवायचं माझ्या हातचं आणि कौतुक तिचं. माझ्या अंगाची लाही व्हायची.

सासर गेलं तिच्याकडं, जाऊ दे म्हटलं. मला माझं माहेर हुतं. मंद्रूपला भाऊ कल्लप्पा आणि वहिनी काशम्मा. तितं माझ्या शब्दाला मान हुता, आणि तेवढाच मला पुरत हुता.

तर त्या कल्लप्पानंच हिला बोलावलं. हिनं गोठा बघितला आणि म्हणाली, "जनावरं चारच, त्यातली दोन रातीला रानात, शेण कमी पडंल. न्हाय परवडायचं, दादा."

ती गेल्यावर मी भावाला म्हटलं, "तुझ्या घरी गॅस आला तर तिच्या पोटात दुखंल. तू टाकी बांध."

त्यानं बांधली. उन्हाळ्यात गेले तर काशम्माच्या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक हुत हुता. शेजाऱ्यांनी आपलं शेण टाकीत घालायचं आणि टाकीतनं निघालेलं खत रानात न्यायचं, असं तिनं ठरवून टाकलेलं. आमच्या हुशार बाईनं हिशेबात शेजारी धरलेच नव्हते. येताना एसटीत मी एकटीच हसत हुते.

घरी गिऱ्हाइकं बसलेली, सासरेही हुते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दाक्षायणी, माझ्या भावाचं तू चुकीचं सांगितलंस." आणि सगळं सांगितलं. आता हिचं तोंड उतरणार म्हणून बघत राहिले.

"शेजारी कबूल झाले, अक्का?" तिनं विचारलं. मग गिऱ्हाइकांकडं वळली. "चूक माझी हाय. आधी तितं जाऊन बघते, मग तुमचं सांगते." त्याच दिवशी ती मंद्रूपला गेली.

तवापासनं ती गावोगाव शेजाऱ्यांनाही विचारायला लागली. एकदोन म्हशी असलेलेही टाकीचं विचारायला यायला लागले. आपली चूक आपल्या तोंडानं सांगती, हिचंच ऐकावं, असं लोक बोलायचे. म्हणजे चूक काढली मी, आणि धंदा वाढला हिचा.

दिवाळीला माहेरी गेले. काशम्मानं दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं. "एकट्याच आलात व्हय?"

मी आत जाऊन बसते न बसते तोवर शेजारची नवी सून शेणाची पाटी घेऊन आली. मला बघून तिनं विचारलं, "ह्या कोण?"

काशम्मा म्हणाली, "ह्या आपल्या दाक्षायणीताईंच्या जाऊबाई."