बर्फवालीचे डोळे

“वारा लागू देऊ नका!” हे आमच्या मंडळीचं ठरलेलं वाक्य. शेवटच्या सकाळीही तेच म्हणाली. लातूरहून आलेली बर्फाची लादी आम्ही दोघांनी दुकानात ओढली, भुसा दाबला, वर पोती टाकली. एक कोपरा उघडा राहिला, तर माझ्या हातावर चापट. “अवो, बर्फ हाय त्यो. नवरी न्हाई, पदर सारून बघायला.”

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा आला, पाऊस आला नाही. निलंग्यात माणसं टँकरमागं पळायची आणि उरलेली आमच्या दुकानाभोवती घोटाळायची. एक पुढारी लग्नाच्या सरबताला लादी मागायला आला. ही म्हणाली, “गरम सरबत पिऊन कुणी मरत न्हाई. जावा.”

पण डोळ्याच्या दवाखान्याचा माणूस थर्मास घेऊन आला की त्याला लादीच्या पोटातला स्वच्छ बर्फ. पहिल्यांदा तिनं विचारलं, “काय नेतूस रं ह्यात?”

“डोळे, मावशी. मेलेल्या माणसाचे. बाटलीत घालून बर्फात ठेवले की टिकतेत. मग आंधळ्याला बसवायचे.”

तिनं थर्मासाचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “माझं बी नाव घाल.”

शेजारीण घाबरली. “अगं, पुढल्या जन्मी आंधळी होशील!”

“बरंच की. परत तुमचीच तोंडं दिसली तर?”

मी हसलो, तशी मला म्हणाली, “तुमी कशाला हसायलाव? तुमचं बी त्यातच आलं.”

त्या शेवटच्या दिवशी दुपारी भाकरी थापता थापता ती आडवी झाली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा मला कळलं.

स्टँडवर जाऊन दवाखान्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, “पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. पंखा बंद. डोळे वाळले तर काही उपयोग नाही. आम्ही निघालोच.”

तुम्ही सांगा, पत्र्याचं घर, वैशाखाचं ऊन, रडायला भरलेली माणसं. मेव्हण्यानं पंखा लावला. मी बंद केला. त्यानं परत लावला.

“दाजी, आज तरी लाईटबिल बघू नका!”

“वारा लागू देऊ नका,” म्हणालो, आणि बटणाला पाठ लावून बसलो.

आमच्यात मेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात. चौघं उठली. बसवलं की कापूस पडणार. म्हणालो, “डॉक्टर येईस्तोवर हात लावंल त्याचा हात मोडीन.” बायका रडायच्या थांबल्या. घागरीत तांब्याभर पाणी होतं. मेव्हण्यानं प्यायला मागितलं. दिलं नाही, कापसाला लागणार होतं.

एकदाची जीप आली. उन्हानं त्यांच्या थर्मासात बर्फाचं पाणी झालेलं. मी पोती काढली, भुसा सारला, लादीच्या पोटातला बर्फ फोडून दिला.

काम आटोपून डॉक्टर बाहेर आले. “चांगले राहिलेत, बाबा. उद्या दोघांना बसवू.”

“कुणाला?”

“ते सांगता येत नाही.”

थर्मास मीच जीपपर्यंत नेला. झाकण परत परत दाबून बघितलं. मग तिला बसवलं आणि माती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याकडं जाऊन दाढी केली. वाढलेली दाढी तिला बघवायची नाही. पारावरचा एकजण म्हणालाच, “काल बायको गेली, अन् आज चिकना होऊन हिंडायलाव का?”

म्हणालो, “आता कोण कुठून बघंल, काय सांगावं.”