टर्कीचा पिसारा आणि किल्ल्यांचा जुडगा

श्रीधररावांनी जन्मात कधी झुरळसुद्धा मारलं नाही, आणि जन्म घेतला तो नेमका शिकाऱ्यांच्या घरात! पणजोबा म्हैसूरच्या राजांच्या पदरी शिकारी होते म्हणे. बेंगळुरूत चिकपेटच्या मागच्या गल्लीत थोरलं घर. तिथं दर खंडेनवमीला पाट मांडायचा आणि ज्याचं जे हत्यार ते त्यानं पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं, अशी रीत. आजोबांची तलवार, वडिलांचा भाला. थोरले भाऊ नरसिंहराव यांची एक लाकडी फळी, तिच्यावर पितळी अक्षरांत ‘रानकोंबडा’ आणि मारल्याचं साल. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधीची गोष्ट ती.

श्रीधरराव सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर. ते काय ठेवणार? स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा. चुलतभाऊ प्रवीणकुमार न चुकता विचारणार, "श्रीधरण्णा, यंदा नटबोल्ट किती मारले?" सगळं घर हसायचं. श्रीधररावही हसायचे. नाही हसून करतात काय? निवृत्त झाल्यावर खऱ्या किल्ल्या जमा केल्या, तेव्हा साहेबांनी आठवण म्हणून बदललेल्या कुलपांच्या जुन्या किल्ल्या दिल्या. मग पाटावर त्या. पण घरी के. आर. पुरमला परतताना वाटभर ते एक शब्द बोलायचे नाहीत, हे त्यांच्या बायकोला, पद्मावतीबाईंना, चांगलं ठाऊक होतं.

यंदा मात्र देवानं मनावर घेतलं. पद्मावतीबाईंचा धाकटा भाऊ बसवंत आनेकलला टर्की पाळतो. टर्की म्हणजे कोंबडीचा परदेशातला थोराड भाऊबंद. नर रंगात आला की मोरासारखी शेपटी फुलवतो. दसऱ्याला महिना असताना एका रविवारी श्रीधरराव तिकडे जेवायला गेले, आणि जेवणात शिजायचा होता तोच नर जाळीवरून उडून शेजारच्या नाचणीत घुसला. गडी सुट्टीवर, बसवंताचा गुडघा धरलेला. उरले कोण? अडुसष्ट वर्षांचे श्रीधरराव! अडीच तास धावले. चप्पल चिखलात गेली, लुंगी कुंपणाला फाटली, शेवटी पोतं घेऊन त्यांनी अंगच टाकलं त्याच्यावर. नऊ किलोचं धूड पोत्यात धडपडत होतं आणि हे वर बसून दम खात होते. इतका आनंद त्यांना पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

मारायचं काम बसवंतानंच केलं. जेवणं झाल्यावर श्रीधरराव हळूच म्हणाले, "शेपटी मला दे."

"काय करणार भावजी शेपटीचं?"

"भिंतीला लावणार."

घरी पोचायच्या आधीच, बसमध्ये, मांडीवरच्या शेपटीचा फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘माझी शिकार’. प्रवीणकुमारचं लगेच उत्तर, ‘मोर मारला की काय? आत टाकतील, अण्णा!’ यांनी लिहिलं, ‘टर्की.’ मग प्रश्न आला, ‘जंगलातला?’ त्यावर श्रीधररावांनी नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण संध्याकाळी नरसिंहरावांचाच फोन आला. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेलेत. कुणीतरी वाचून दाखवलं असणार. "श्रीधर, खंडेनवमीला घेऊन ये. पाटावर ठेवू," ते म्हणाले. दादांनी आपणहून असं म्हणायची ही उभ्या आयुष्यातली पहिली वेळ. आता ती शेपटी टिकायलाच हवी होती.

आणि टिकवायला या शहाण्यानं काय केलं? मीठ आणि हळद फासली! कैरीचं लोणचं वर्षभर टिकतं, तर हे का नाही टिकणार? बेंगळुरूच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटलं, पांढरी टोकं पिवळी झाली, चौथ्या दिवशी मुंग्या लागल्या आणि पाचव्या दिवशी वास सुटला. पद्मावतीबाईंनी नाकाला पदर लावला. "अहो, एक तर घरात ही राहील, नाहीतर मी."

"स्वल्प थांब गं. एक दिवस दे."

मग मात्र आतला स्टोअरकीपर जागा झाला. छत्तीस वर्षांत एका बेअरिंगला गंज चढू दिला नव्हता त्यानं. मोबाइलवर माहिती काढून ते चिकपेटला गेले आणि तोंड आलं की चिमूटभर लावतात तो टाकणखार जडीबुटीच्या दुकानात अर्धा किलो मागितला. दुकानदार म्हणाला, "एवढा? घरातल्या सगळ्यांचंच तोंड आलंय काय?" घरी येऊन भाजीच्या सुरीनं त्यांनी पिसांच्या मुळांमधलं मांस खरवडलं, चरबीचा कण न् कण काढला. दोन दिवस हेच चाललं होतं. मुळाला धक्का लागला तर पिसं सुटी होतात, म्हणून श्वास धरून सुरी चालवायची. भांड्यांच्या साबणानं पिसारा धुतला, हळद गेली, पंख्याखाली वाळवला. मुळाशी टाकणखार दाबून भरला. जुन्या टीव्हीच्या खोक्यावर मधलं पीस उभं धरून दोन्ही बाजूंची पिसं पट्टीनं मोजून सारखी पसरली, टाचण्या मारल्या. अठरातलं एक नाचणीत मोडलं होतं. तिथली फट त्यांनी तशीच ठेवली. शेजारी स्टोअरमधल्यासारखं नोंदीचं कार्ड टांगलं. रोज तारीख, रोज शेरा. तीन आठवड्यांनी मूळ दगडासारखं कडक झालं. वास नाही, मुंगी नाही. पद्मावतीबाईसुद्धा म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. बरा दिसतोय."

खंडेनवमीला साडीच्या खोक्यात पिसारा घेऊन दोघं थोरल्या घरी गेली. किल्ल्या यंदा श्रीधररावांनी घरीच ठेवल्या होत्या. नरसिंहराव पाटाशेजारी खुर्चीवर बसले होते. पिसारा त्यांच्या हातात दिला तेव्हा सगळे गोळा झाले.

"केवढा रे! कुठं गाठलास?"

श्रीधररावांना म्हणायचं होतं ‘आनेकलच्या रानात’. कोण बघायला जाणार होतं? पण दादांची बोटं पिसांवरून इतकी जपून फिरत होती की त्यांना खोटं बोलवेना.

"दादा, बसवंताच्या जाळीतनं पळाला होता. पोत्यात धरला. मारलासुद्धा बसवंतानं. मी नुसती शेपटी राखली."

"पोत्यात!" प्रवीणकुमार खो खो हसला आणि त्याच्यामागे सगळं घर. श्रीधररावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

नरसिंहराव हसले नाहीत. त्यांनी मूळ चाचपलं, नखानं वाजवलं, वास घेतला. "साफ कुणी केलं?"

"मीच."

"प्रवीण, माझ्या फळीवर काय आहे रे?"

"काय असणार, दादा? नुसती फळी. कोंबडा किड्यांनी खाल्ला ना."

"तीन वर्षांत खाल्ला. बाबांचं सांबराचं कातडं गेलं, आजोबांचं अस्वल गेलं. मारलं सगळ्यांनी, राखलं कुणी? या तलवारीला दरवर्षी आदल्या दिवशी येऊन तेल कोण लावतं?"

सगळ्यांनी श्रीधररावांकडे बघितलं. कोण लावतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"हा पिसारा माझ्या फळीवर ठोका. लई वर्षं रिकामी आहे ती," नरसिंहराव म्हणाले. "पण हे काय तुझं हत्यार नव्हे, श्रीधर. किल्ल्या कुठं आहेत?"

"घरी राहिल्या, दादा."

"राहिल्या कशा?" म्हणत पद्मावतीबाईंनी पर्समधून जुडगा काढला. नरसिंहरावांनी तो घेतला, पाट चाचपला, तलवार थोडी सरकवली आणि किल्ल्या तिच्या पुढे ठेवल्या. "आधी याला कुंकू लाव."

श्रीधररावांचे डोळे असे भरून आले की समोरची वाटी त्यांना दिसेना. ती प्रवीणकुमारनं उचलून त्यांच्या हाताशी धरली.