बांडगुळावरचा शिंजीर

कुरखेड्याच्या आमच्या अंगणातला आंबा बायकोने लावलेला. काही वर्षांपूर्वी त्याला बांडगूळ लागलं. हिवाळा सरता सरता त्यावर नळीसारखी केशरी फुलं येतात आणि त्यांतला मध प्यायला शिंजीर येतो. अंगठ्याएवढा, उन्हात निळाजांभळा चमकणारा पक्षी. त्याच्यासाठी ती बांडगूळ तोडू देत नसे. मुलगा अंदमानात नोकरीला आहे. तिथल्या जंगलातला पिवळ्या पोटाचा शिंजीर त्याने एकदा मोबाइलवर दाखवला, तर ही म्हणाली, "तुह्या पाखरानं हळद लावली का रे? लगन हाये का त्याचं?"

पावसाळ्यात ती गेली.

यंदा आंब्याचा शेंडा वाळला. शेजारचे एक शेतकरी रोज कुंपणापाशी थांबून वर बघत. एक दिवस आतच आले.

"सर, हे बांडगूळ झाडाले खाऊन राह्यलं. पुढच्या साली सरपणच होते याचं. तुमी काऊन नुसते पाहून राह्यले?"

"पाखरू येतं त्यावर."

"पाखराले दुसरं झाड भेटन. बाईच्या हातचं झाड हे एकच हाये."

मी घरात गेलो. पुस्तकं काढून पाहिली. नुसतं ओरबाडून भागत नाही, खालच्या फांदीसकट तोडावं लागतं, एवढंच सगळ्यांत लिहिलेलं. झाड तिचं होतं आणि पाखरूही तिचंच. कितीतरी दिवस मी त्या दोघांखाली खुर्ची टाकून बसून राहिलो. वाळलेली पानं मांडीवर पडत. शेवटी शेजाऱ्यांना हो म्हटलं.

ते कुऱ्हाड घेऊन चढले. दुपारपर्यंत अंगणात फुललेल्या फांद्यांचा ढीग झाला. वर आकाश फार दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंजीर आला. उघड्या फांद्यांतून चिवचिवत दोनतीनदा फिरला आणि मग खाली, ढिगावर उतरला. तोडलेल्या फुलांत चोच घालू लागला.

शेजारी काडेपेटी घेऊन आले.

"आज राहू द्या," मी म्हणालो.

"अजी, जाळाले तं पाह्यजे."

"फुलं आहेत तोवर राहू द्या."

"तुमी बी ना सर!" म्हणत ते परत गेले.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आईचा पक्षी आला का, त्याने विचारलं. मी मोबाइल ढिगाकडे धरला.

"बाबा, एवढा खाली कसा बसलाय?"

मी सांगितलं. झाड वाचेल, असंही सांगितलं.

"मग उद्या काय पिणार तो?"

"माहीत नाही रे."

फोन मी तसाच धरून ठेवला. फुलं कडेने काळी पडू लागली होती, आणि तो एकेका नळीत चोच घालून पाहत होता.