गरम सुई

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही. सांगायची वेळ आली की तंबाखू काढायचो, चुना चोळायचो, विषय बदलायचो.

पार्वता, माझी बायको, याच उन्हाळ्यात गेली. मला सारं गाव भाऊ म्हणते. तेरवीला माणसं बोलली — भाऊसारखा नवरा होणार नाही, बायकोचा हात गेला म्हणून त्यानं ढोलकी सोडली. मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, रडून राह्यला. रडतच होतो. पण ऐकूनही घेत होतो.

आधी तिचा हात सांगतो. सांगू द्या.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, जंगलाला लागून. मोहफुलांच्या दिवसांत ती उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायची. माझी अर्धी टोपली होत नाही तोवर तिची भरलेली. दोन्ही हातांनी वेचायची — कोंबडी दाणे टिपते तशी. फूल दबत नव्हतं. रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाया तिच्या बाजूला उभं राहायला बघायच्या, कारण गाणं तिचं असायचं. डाव्या हातात पऱ्ह्याची, रोपांची जुडी, उजव्या हातानं चिखलात एकेक रोप — अन् तोंडानं माझीच टिंगल. "आमचे बुवा ढोलकीसंग झोपते, मी आपली भिताडासंग!" साऱ्या बांधीत, म्हणजे खाचरात, हशा. मी बांधावर उभा, मलाही हसू येई. कशी होती हो ती! आताही चिखलाचा वास आला की मला तिचा आवाज येतो.

ढोलकी मी खरंच चांगली वाजवायचो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा भरते, दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ होतो, अन् आमच्या दंडारीला ढोलकी माझी. मंडईत माझं नाव होतं. ते नावच नडलं.

आम्ही तरुण असताना एका साली तिच्या गळ्यातली गाठ वाढली. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केलं. गाठ निघाली, पण मग तिच्या ओठांना मुंग्या येऊ लागल्या, बोटं आपोआप आखडू लागली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं रक्तातलं कॅल्शियम उतरलं, सलाईनमधून द्यावं लागेल. त्याच दिवशी गावात मंडई. दुपारी दंडार, अन् माझी एसटी त्याच्या आधीची.

सिस्टर सिरोंचाकडची, तेलुगू वळणाची मराठी बोलायची. तिनं डाव्या हाताला सुई लावली, नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक बारीक केलं अन् मला समोर उभं करून सांगितलं — हे औषध हळूच जायला पाहिजे. घाईनं गेलं तर काळीज थांबू शकते. शिरेच्या बाहेर गेलं तर मांस जाळते. बाई जळते म्हणाली की मला लगेच आवाज द्या. चाकाला हात लावायचा नाही, भाऊ.

मी हो म्हटलं.

मला समजलं नव्हतं असं म्हणता आलं असतं. आमच्याकडे एक डॉक्टर सायकलवर यायचा, थैलीतून गरम सुई द्यायचा. दिली की गळ्यापासून पायापर्यंत गरम गरम वाटायचं, अन् लोक म्हणायचे, ताकद आली. मीही घेतलेली. गरम लागणं म्हणजे औषध लागू पडणं — हे आम्हाला पक्कं माहीत. पण सिस्टरनं मला साफ सांगितलं होतं, अन् मी ऐकलं होतं. मग काऊन केलं? सलाईन लवकर संपून एसटी मिळावी म्हणून. दुसरं काही नाही.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली. मी चाक सैल केलं. थेंब थेंब पडत होतं, ते धारेसारखं धावू लागलं.

थोड्या वेळानं पार्वता म्हणाली, "हात जळून राह्यला जी. सिस्टरले बोलवा न."

मी म्हटलं, "गरम सुई हाय, गरम लागनच. लहान पोरगी हायेस का?"

"मले नाई, तुमालेच मंडईची गरमी चढली," असं म्हणून ती हसली. त्या हालतीतही हसली. मग हसणं थांबलं. पदर तोंडात धरला. हात ओढू लागली, तर मी तिचं कोपर दाबून धरलं — सुई निघेल म्हणून. म्हणजे, एसटी निघेल म्हणून.

सिस्टर आली तेव्हा हात फुगून टणक झाला होता. तिनं सलाईन तिथंच थांबवलं. "चाक कोणी फिरवलं?"

"मी काऊन फिरवू? तुमचीच सुई बराबर नाई लागली."

डॉक्टर आले. साऱ्या वार्डासमोर सिस्टरला बोलले. काळीज थांबलं नाही हे नशीब, म्हणाले. ती बिचारी म्हणत राहिली की मी बारीकच ठेवलं होतं. तिचे डोळे भरले. पार्वतानं माझ्याकडे पाहिलं — अन् काहीच बोलली नाही. माझ्यासाठी गप्प राहिली, की गप्प राहायची सवयच होती तिला?

बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगून मी एसटी धरली. हो, गेलो. मंडईत ढोलकी वाजवली. लोक म्हणाले, आज काय हात चालला भाऊचा!

दुसऱ्या दिवशी परत आलो तर तिच्या हातावर काळा डाग. पुढं ती कातडी सुटली, खोल जखम झाली. मलमपट्टी तीच सिस्टर करायची, माझ्याकडे पाठ करून. जखम भरली, पण बोटं आखडली ती आखडलीच. डाव्या हातात जुडी धरता येईना म्हणून पार्वता ती काखेत दाबायची. मोह वेचायची एका हातानं. दर रोवण्याला मी ते पाहिलं. गाणं मात्र तिनं सोडलं नाही, फक्त ढोलकीची टिंगल त्यातून गेली.

ढोलकी मी खुंटीला लावली. हात ठेवला की तिचं कोपर आठवायचं. लोक म्हणाले, बायकोसाठी सोडली. मी तेही होऊ दिलं.

आता याच उन्हाळ्यात तिची किडनी थकली. काळजाचे ठोके बिघडले. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम द्यावं लागेल. पुन्हा तेच औषध. तरुण सिस्टर होती. तिनं छातीला मशीनच्या वायरी लावल्या, उजव्या हाताच्या शिरेत आधी साधं सलाईनचं पाणी सोडून सुई नीट बसली का पाहिलं, मग खाटेजवळच बसली अन् मला नाही, तिला म्हणाली, "आजी, हळूहळू देते. जळलं तर लगेच सांगा."

"सांगीन बाई. पन आधी ह्यायले बाहेर बसव."

सिस्टर हसली. "काऊन आजी? आजोबा काय करतात?"

"चाक फिरवते."

"आता चाक नाई आजी, मशीन हाय."

"तरी बसव."

सिस्टरला ती गंमत वाटली. पार्वता हसत नव्हती. रागातही नव्हती. इतकी वर्षं ज्या नजरेनं माझ्या ताटात भाकर वाढली, त्याच नजरेनं पाहत होती.

मी उठलो. बाहेर बाकावर जाऊन बसलो. दार अर्धवट उघडं होतं. सिस्टर सारखी विचारत होती, अन् आतून पार्वताचा आवाज येत होता —

"नाई जळत, बाई. नाई जळत."