छत नवे आहे

या गौरवग्रंथात मी लिहिणार नव्हते. पण छपाईआधीच्या मजकुरात एका जुन्या गाडीच्या दुरुस्तीबद्दल ‘गाडीचा प्रत्येक भाग मूळचा’ असे वाक्य होते. ते वाचून, ज्यांचा हा गौरव त्या श्री. मोरेश्वर पाटील यांनी निरोप धाडला, हे वाक्य राहिले तर मी पंचाहत्तरीच्या सत्काराला येणार नाही. त्या वाक्यात खोटे काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिणे भाग पडले.

आमची ओळख रेझिनमुळे, म्हणजे फायबरच्या कापडाला कडक करणाऱ्या चिकट द्रवामुळे झाली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रेझिन बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ होते. घणसोली गावचे मोरेश्वरराव फायबरच्या होड्या बांधत. एके दिवशी ते डबा घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. “मॅडम, यो सुकत नाय. माल खराब हाय का माझा हात?” बाकीची गिऱ्हाइके आल्या आल्या मालाला नावे ठेवत. स्वतःच्या हातावर शंका घेणारे हे पहिलेच. तपासले, तर माल खराब होता.

वाशीच्या दिघे इंजिनिअरांची कूपे, म्हणजे बंद छताची दोन दारांची मोटार, त्यांच्याकडे आली ती दुसरे कोणी घेईना म्हणून. इंग्लंडमधल्या एका लहानशा कारखान्यात अशा मोजक्याच गाड्या झाल्या. दोन माणसांची, ठेंगणी. खाली लोखंडी सांगाडा नाही. फायबरचे कवच हाच सांगाडा. इंजिन लहान, सगळा वेग वजन वाचवून मिळवलेला. दिघ्यांनी ती बोटीने आणली, हौसेने चालवली आणि पुढे ती कित्येक वर्षे खाडीच्या वाऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. डेंटिंगवाल्याने तिच्यावर बोट वाजवले आणि म्हणाला, “साहेब, ही तर बादली आहे. ठोकू काय?” दिघे तिथून घणसोलीला आले.

मोरेश्वररावांची पद्धत होडीवाल्यांची. काम धरण्याआधी ते नाण्याने सगळे अंग वाजवून ऐकत. खणखणीत वाजले तर फायबर धड. बद्द वाजले तर आत पाणी, तिथे खडूची खूण. छतावर एकही खूण पडली नाही. पण छत इतके पातळ, की आत बल्ब लावला तर उजेड बाहेर दिसे. होडीवाल्याला पातळ अंग म्हणजे जिवाची धास्ती. तरी ते थांबले. “वाजतंय तं बरोबर, मॅडम. हात लावू का नको?” संध्याकाळी कारखाना सुटल्यावर मी त्यांच्या होड्यांच्या शेडवर जात असे. मी छत पाहिले, ते झिजले आहे असे सांगितले आणि फायबरचे तीन थर चढवायला लावले. त्यासाठी घासताना मूळ छत फाटून गेले. नंतर दरवाज्यांचे आतले अस्तर काढले, तर दरवाजेही तितकेच पातळ आणि खणखणीत निघाले. गाडी मुळात तशीच घडवलेली होती.

दिघे संतापले. “पाटील, हे कुणाचं डोकं?”

मी शेजारीच उभी होते. मोरेश्वरराव म्हणाले, “माझाच. होडीवाल्याची खोड, साहेब.”

मी ते तसेच राहू दिले. मोरेश्वररावांनी साचा करून नवे छत घडवले. तीन मोडली, चौथे बसवले. जुन्या गाड्यांच्या आपल्या मंडळात आजही विनोद होतो, पाटलांनी छत बुडवले. ते मी बुडवले. दिघे आता नाहीत. त्यांना हे सांगायचे राहून गेले.

फायबर घासताना बारीक भुकटी उडते. मला कारखान्यातून चांगले मास्क दोनच मिळाले. ते मोरेश्वररावांनी शेडवरच्या दोन्ही कारागिरांना दिले आणि स्वतः नाकाला रुमाल बांधला. मी रागावले. “त्यांची पोरं ल्हान हायत,” एवढेच म्हणाले. आज त्यांची फुप्फुसे निकामी होत चालली आहेत. चार पायऱ्या चढवत नाहीत. शेडच्या जागी इमारत येते आहे आणि होड्या लावायला किनाराही उरलेला नाही.

लिहिण्याआधी त्यांना भेटून आले.

“खरा लिवा. पन तुमचं नाव कशाला घालता?”

“दादा, आता तुम्ही गप्प बसा.”

ते हसले आणि बराच वेळ खोकत राहिले.

अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ‘निरोगी’ लिहिताना माझा हात अडतो. त्यांचा श्वास आहे त्याहून जड होऊ नये, आणि असे दिवस त्यांना पुष्कळ मिळावेत, हे मनापासून मागते.

दिघ्यांमागे गाडी शेडवरच होती. शेड रिकामी करताना त्यांच्या कन्या अनघा, राहणार खारघर, यांच्या स्वाधीन केले ते असे: कूपे एक, चालू स्थितीत. किल्ल्या दोन. छताचा साचा एक. कामाची वही एक; तिच्यात छताच्या पानावर ‘छत नवे आहे. मूळ छत माझ्या चुकीच्या सल्ल्याने गेले’ ही मी आता केलेली नोंद, खाली माझी सही. देणार, मोरेश्वर पाटील. घेणार, अनघा दिघे. ते पान वाचून.