मूत्रपिंडाचं प्रकरण

पेट्रोल पंप मागे पडला, तेव्हा भुंगीनं वहिनींच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली.

"आणा इकडे. विटा भरल्यात की काय?"

"विटाच. एक जाड, एक बारीक. उद्या यातली एक पोरांच्या डोक्यावर ठेवायचीय."

भुंगी म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. तिचं शिलाई मशीन दिवसभर गुणगुणायचं म्हणून दादानं, वहिनींच्या नवऱ्यानं, हे नाव पाडलं आणि तेच चिकटलं. वहिनी कॉलेजात शरीरक्रियाविज्ञान शिकवायच्या. दादा बस चालवायचा. गेल्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले आणि बस सुटली. आता रक्त शुद्ध करायला दिवसाआड दवाखान्यात यंत्राला जोडून घ्यायचं. समोर कुणी बसलेलं त्याला खपत नसे. "तुम्ही तोंडं पाडून बसलात की घड्याळाचे काटेही बसून राहतात," म्हणत तो दोघींना हाकलून द्यायचा. मग त्या चालत सुटायच्या. दवाखान्यामागची गल्ली, पेट्रोल पंप, गोदामं, नदीवरचा पूल, तिथून परत. सुरुवातीला गप्पा व्हायच्या, हल्ली नुसता चपलांचा आवाज. भुंगी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालायची. मागणं काही नाही. मागून मागून तिचीच तिला लाज वाटायला लागली होती. आपली हजेरी लावायची, एवढंच.

"मग कुठलं पुस्तक घेणार?" तिनं विचारलं.

"बारकं देखणं आहे. चित्रं अशी, की बघत राहावं. प्राचार्यांना तेच हवंय. जाडं रुक्ष, पण काही सोडत नाही." वहिनींनी पदरानं मान पुसली. "एकदा लावलं की वर्षानुवर्षं बदलत नाहीत हो. मागचं दुसऱ्यांनी निवडलं आणि अर्धा वर्ग आपटला. पोरं रडकुंडीला येऊन म्हणाली, बाई, आम्ही वाचलं होतं. वाचलं होतंच बिचाऱ्यांनी. पुस्तकालाच सांगता येत नव्हतं."

"आणि दादाला ऐकवलंत?"

वहिनींची पुस्तक पारखायची रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती, कॉलेजात कुणालाच नाही. नवीन पुस्तक आलं की सुट्टीच्या दुपारी, पलंगावर पाय पसरलेल्या दादाला त्या एकच प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मूत्रपिंडाचं. सगळ्यात किचकट काम तेच. ज्याला ते सांगता आलं, त्याला बाकीचं येणारच, असा त्यांचा हिशेब. दादा दहावीतच अडकून पडलेला. "ज्याला काही येत नाही आणि तसं म्हणायची लाजही नाही, असा श्रोता लाखात एक," असं त्या कौतुकानं म्हणायच्या. दादा म्हणायचा, "दिवसभर दाबून गाडी हाकणाऱ्याला हेच प्रकरण कामाचं." ऐकता ऐकता तो घोरायला लागला, की पुस्तक नापास. "थांब, मागचं परत वाच," म्हणाला, की पास.

"ऐकवलं की," वहिनी म्हणाल्या. "परवा. फुप्फुसांचं."

भुंगीनं वळून पाहिलं.

"आपलं नेहमीचंच उघडलं होतं. जाड्यात शेवटी चार पानं आहेत, मूत्रपिंडं निकामी होत जातात तेव्हा काय काय होतं त्याची. बारक्यात तीन ओळींत उरकलंय. वर्गात ती पानं मी झोपेतही शिकवीन. घरात तोंड उघडेना. म्हणून मग फुप्फुसं काढली."

"काय म्हणाला?"

"दोन्ही पास. फुप्फुसं काय, कुणीही सांगतं, भाता नुसता. वाचून झाल्यावर म्हणतात कसे, 'बाई, पेपर बदललात, पण आम्हाला कळलं.'"

भुंगीला हसू आलं, आणि अर्ध्यातच ते जिरलं.

पुलावर वहिनी कठड्याला टेकल्या आणि चपलेतला खडा काढत बसल्या. खडा निघाला तरी चपला पायात घालीनात.

"मला हल्ली जाडंच बरं वाटतं. पण ते मुलांसाठी, की माझ्यासाठी, तेच कळत नाही. कुणीतरी खरं लिहिलंय, एवढ्यावरच जीव बसतो. असं निवडायचं असतं का पुस्तक? मुलांनी ते उघडलंच नाही तर? कान मला यांचेच लागतात, वन्सं."

"त्याला सांगितलंय ना डॉक्टरांनी पुढचं?"

"डॉक्टरांचं निम्मं ऐकतात, निम्मं मला विचारतात. मी म्हणते, होईल हो सगळं नीट. परीक्षेत असं उत्तर कुणी लिहिलं असतं, तर भोपळा दिला असता मी."

भुंगीनं वाकून वहिनींच्या चपला सरळ केल्या, आणि दोघी परत फिरल्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांशी वहिनी थांबल्या. "आज निघताना विचारत होते, आमचं प्रकरण कधी म्हणून." त्यांनी पिशवीला हात लावला, पण ती मागून घेतली नाही. "तुम्ही वाचाल? मी बाहेर बाकावर बसते."

"मी? अहो, त्यातला एकेक शब्द म्हणजे जबड्याची कसरत!"

"अडखळा की. तुम्ही अडखळलात की ते हसतील. आधी बारक्यातलं, मग जाड्यातलं. 'थांब, परत वाच' कुठे म्हणतात, तेवढं ध्यानात ठेवा."

भुंगीनं पिशवी पोटाशी धरली, देवाचं नाव घेतलं आणि पायरीवर पाय ठेवला.

"आणि वन्सं," मागून वहिनींचा आवाज आला, "शेवटची ती पानं आली की ते घोरायला लागतील. सोंग असेल. तुम्ही थांबू नका, शेवटपर्यंत वाचा."