गाडलेली गावं आणि रिकामा पाट

मधल्या सुट्टीत डबा उघडला की सर आधी कडक भाकरी टेबलावर आडवी ठेवायचे आणि मधोमध मूठ मारायचे. भाकरीचे चार तुकडे व्हायचे. त्यातला एक जरा वर उचलायचे, एक खाली सरकवायचे आणि म्हणायचे, "झालं शहर जमीनदोस्त. आता म्हणा शाप." मग चिमटीनं शेंगाचटणी भुरभुरायचे. "ही वरनं पडलेली राख." आणि एवढं झाल्यावर ते अख्खं शहर आमटीत बुडवून खाऊन टाकायचे.

"कारण असतंच की, बाई," घास गिळता गिळता ते सांगायचे. "आपल्याला दिसत नाही, एवढंच."

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते आणि ते भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या समोरासमोर होत्या, त्यामुळे त्या भाकरीचा विध्वंस मी कितीतरी वर्षं रोज पाहिला. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला एकच नाद असतो. कुणाला पत्त्यांचा, कुणाला घरगुती औषधांचा. आमच्या सरांना नष्ट झालेल्या शहरांचा नाद होता. समुद्रानं गिळलेली नगरी म्हटलं की ते ताट तिरकं करून लाट दाखवायचे. रणशिंगं फुंकल्यावर तट कोसळले, असं कुणी म्हणालं की टेबल हलवायचे. चहाचा कप सगळ्यांनी आधीच उचलून धरलेला असायचा.

त्यांचं एक मात्र मला आवडायचं. ते "असं असावं" म्हणायचे, "असं होतं" कधी म्हणायचे नाहीत. भूकंप झाला असावा, नदीनं पात्र बदललं असावं. भूगोलाच्या माणसाला एवढा विनय कुठून आला, असं मी चिडवायचे.

एकदा मी सातवीच्या वर्गात गोष्ट सांगत होते. बार्शीच्या बाजूला एक पांढरं टेकाड आहे, तिथं म्हणे पूर्वी मोठं गाव होतं. उन्हात एक बैरागी आला, दारोदार पाणी मागत फिरला. कुणी घोटभर पाणी दिलं नाही. त्यानं शाप दिला आणि गाव पालथं झालं. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. एवढ्यात खिडकीत सरांचं डोकं उगवलं.

"बाई, एक मिनिट. मी जाऊन आलोय तिथं, एसटीनं. नदीचं जुनं पात्र टेकाडाला लागून आहे, कोरडं ठणठणीत. नदी लांब गेली असावी. चार-दोन वर्षं पाऊसही नसावा."

"सर, बैराग्याला पाणी दिलं नाही म्हणून..."

"अहो, द्यायला पाणीच नव्हतं की!"

वर्ग हसला. मीही हसले, पण माझी गोष्ट पार पाण्यात गेली होती. जाताना ते पोरांना म्हणाले, "त्या गावातली माणसं वाईट नव्हती रे. तहानलेली होती." मग मान खाली घालून निघून गेले. मला वाटलं, चला, आज भाषणही झालं.

ते चिडलेले मी एकदाच पाहिले. टीव्हीवर कुठल्याशा डोंगरातल्या पुराची बातमी होती, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी सवयीनं म्हणालं, "पापाचा घडा भरला की असंच होतं." सरांनी चहा तसाच ठेवला. "कुणाच्या पापाचा?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा." ते उठून गेले, आणि त्या दिवशी त्यांनी डबाच उघडला नाही.

त्यांच्या घरी मी गेले ती अशीच, पेपर तपासायचे गठ्ठे पोचवायला. दार उघडलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीनं. चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई. भाऊ-बहीण दोघंच राहत होते, दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. मी बसले, तिनं चहा ठेवला, आणि सर लगेच आपल्या विषयावर आले. त्या दिवशी पश्चिमेकडच्या एका खाऱ्या समुद्राकाठच्या दोन शहरांचा नंबर होता. आकाशातून आग पडली आणि दोन्ही जळाली, अशी फार जुनी गोष्ट. पळून जाणाऱ्यांना बजावलेलं होतं, मागं वळून बघू नका. एक बाई वळली आणि मिठाचा खांब झाली.

"तिथं जमिनीत डांबर असतं," सर सांगू लागले. "गॅस असतो. भूकंपानं भेगा पडल्या असाव्यात, ते वर येऊन पेटलं असावं. आणि मिठाच्या टेकड्या झिजून झिजून माणसासारख्या दिसतात. एखाद्या सुळक्याला लोकांनी बाई म्हटलं असावं."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "दादा," तिनं विचारलं, "त्या बाईचं काय चुकलं हुतं रं?"

"काही चुकलं नव्हतं."

"मागं बगितलं की तिनं. मी तर वाळूच इसरले."

मग तिनंच मला सांगितलं, साखर किती घालू विचारावं इतक्या साध्या आवाजात. लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपात त्यांचं गाव गेलं, तेव्हा ती लहान पोर होती. सर शिकायला सोलापुरात होते. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. आपल्याकडे विसर्जनाहून पाट रिकामा आणत नाहीत. नदीतली मूठभर वाळू त्यावर ठेवून घरी आणतात आणि धान्यात टाकतात. पाट आणायचं काम तिच्याकडं दिलेलं. ती लेझीम बघत राहिली, अंधार पडला, आणि ती नुसताच पाट घेऊन घरी आली.

"आई लई रागं भरली. मी रुसले, भाईर वैरणीवर जाऊन निजले. पहाटं समदं गेलं. आई, आण्णा, धाकटा. मीच ऱ्हायले."

चहा निवून गेला होता. मी तो तसाच पिऊन टाकला.

सर मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "बाई, तिला मी सगळं सांगून बघितलं. जमीन का हलली ते सांगितलं. मग घरांचं सांगितलं. आमची घरं माळवदाची. छपरावर दर उन्हाळ्यात मातीचा नवा थर. भिंती गोल दगडांच्या, चिखलात बसवलेल्या. जमीन खालनं हलली, पण माणसं मेली ती वरच्या मातीनं. यात 'असावं' नाही बाई, होतं."

"मग?"

"म्हणाली, म्हंजे आण्णांनी मारलं म्हणतोस? माती तर आण्णाच टाकायचे. त्यानंतर माळवदाचा विषय मी काढला नाही."

थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "म्हटलं, त्या रिकाम्या पाटामुळंच तू बाहेर झोपलीस, म्हणून वाचलीस. तर म्हणाली, वाळू आणली असती तर सगळेच वाचले असते. आता काय बोलणार? जगातल्या गावांची कारणं सांगत सुटलो ते त्यासाठीच. म्हटलं, एवढी ऐकल्यावर आपल्या गावाचं ती आपणहून जोडेल."

रिक्षा आली. सर उगाचच हसले आणि म्हणाले, "कारण असतंच की." या खेपेला ते वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवल्यासारखं वाटलं.

आमच्या भागात गणपती आता तळ्यावर नेत नाहीत, कोपऱ्यावरच्या मैदानात विसर्जनाचे हौद ठेवतात. सोय चांगली आहे, पण हौदात वाळू कुठली? लोक पाट झटकून घरी जातात. तर विसर्जनाच्या दिवशी या हौदाशेजारी सरांची बहीण वाळूची पिशवी घेऊन उभी असायची. परत निघालेल्या प्रत्येकाला थांबवायची. "पाट रिकामा न्यायचा न्हाई, जरा थांबा की." आणि मूठभर वाळू ठेवायची. पोरं तिला वाळूवाल्या मावशी म्हणायची. काही जण हसायचे, बरेच जण नमस्कार करायचे.

आणि त्या पिशवीचं तोंड धरून शेजारी कोण उभं असायचं, तर आमचे सर. ज्यांनी आयुष्यभर एकही शाप शिल्लक ठेवला नाही, ते. आठवडाभर आधी ते कुठल्या तरी बांधकामावरून वाळू मागून आणायचे. ती गच्चीवर धुऊन वाळवायचे, चाळायचे. मी एकदा विचारलं, "सर, हे कोणत्या शास्त्रात बसतं?" ते म्हणाले, "सीनेची आहे, बरं का. तिला नदीचीच लागते." एवढंच उत्तर दिलं. त्यानंतर मी चेष्टा केली नाही.

गेल्या वर्षी त्यांची तब्येत बरी नव्हती. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचा नकाशा बघतोय असं दाखवायचे. आमच्या जिन्यात नकाशा नाही, फळा आहे. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, "जाऊ की, गणपती होऊ द्या." त्या वर्षी पिशवी अर्धीच भरली होती. त्याहून जास्त त्यांच्यानं उचलवेना, आणि बहिणीला ते उचलू देईनात.

संध्याकाळी वाळू संपली. मी आमचा गणपती घेऊन गेले होते, तिथंच उभी होते. एक तरुण जोडपं आलं, बाईच्या कडेवर तान्हं मूल, नवऱ्याच्या हातात पाट. बहिणीनं पिशवी उलटी केली, कोपरे झटकले. काही निघालं नाही. "जरा थांबता का, मी घरनं आणते," ती म्हणाली. "राहू द्या मावशी, बाळ रडतंय," म्हणून ते निघून गेले. गर्दीत तो पाट दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"काही होत नाही," सर म्हणाले. "घरी चल."

दिवाळीच्या आत सर गेले. सकाळी शाळेत यायला निघाले आणि दारातच बसले. हृदयाच्या नळ्या कधीच्याच बंद होत आल्या होत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतकं साधं कारण. सरांना ते सांगता आलं असतं तर त्यांनी ताटलीत आमटी ओतून दाखवलं असतं.

मी भेटायला गेले तेव्हा बहीण भिंतीला टेकून बसली होती. मी हात धरला, आणि ती काही म्हणायच्या आतच सांगायला लागले. नळात गाळ साचत जातो तसं असतं, वर्षानुवर्षं साचतं, एक दिवस पाणी बंद होतं. सरांसारखंच बोलत होते मी, हातवारेसुद्धा त्यांचेच. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय. डाक्टर बी तेच म्हणले," ती म्हणाली. "पर त्यो पाट रिकामा गेला न्हवं."

"अहो, त्याचा काय संबंध?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कसं कळत नाही, याचं तिला नवल वाटत होतं. "कारण असतंच की, म्याडम," ती म्हणाली. "दादाच म्हणायचा."

मला रडू आलं, आणि रागही आला. राग कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

या वर्षी पिशवीचं तोंड धरायला मी गेले. नाही तर कोण जाणार होतं? पिशव्या दोन होत्या, गच्च भरलेल्या. त्या रिक्षात चढवताना माझी कंबर धरली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आणि ती एकेका पाटावर वाळू ठेवत होती. मी पिशवी पुढं सरकवत होते. माझा यावर विश्वास नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. सरांनीही कधी सांगितलं नसावं.

अंधार पडायच्या सुमाराला ते जोडपं आलं. मी लांबूनच ओळखलं. मूल आता बोट धरून चालत होतं. तिनंही ओळखलं, कारण तिचा हात पिशवीतच थांबला. मग तिनं ओंजळ भरून वाळू काढली आणि त्यांच्या पाटावर ठेवली, कडेला सांडेल इतकी. मला एकदम भीती वाटली. आता ही त्या रिकाम्या पाटाचं बोलणार, असं वाटलं. बोलली असती तर तिला अडवायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता.

"मावशी, गेल्या वर्षी काका होते ना तुमच्याबरोबर?" त्या तरुणानं सहज विचारलं. "ते दिसत नाहीत."

तिनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बायकोकडे, मग त्या पोराकडे. पाटावरची वाळू तळहातानं हळूच दाबून नीट बसवली.

"गावाला गेलेत," ती म्हणाली. "पाट सरळ धरा बरं का."